औषधाच्या डब्यामागचा माणूस

साथरोगांच्या सरकारी कार्यक्रमांचा खर्च वाचताना एक ओळ अनेकांच्या डोळ्यांत खुपते. औषधं, लसी, सूक्ष्मदर्शक, शीतपेट्या यांच्या रकमा कुणी फारशा तपासत नाही. त्यांच्याखाली ‘तज्ज्ञ सल्लागारांचं मानधन’ दिसलं की मात्र प्रश्न येतो: डॉक्टर आहेत, जिल्ह्याला अधिकारी आहेत, राज्याला संचालक आहेत, मग वर आणखी सल्लागार कशाला? तेवढ्या पैशात आणखी औषधं का घेत नाहीत?

प्रश्न रास्त आहे. गरीब देशाच्या तिजोरीतला, किंवा दुसऱ्या देशाने मदत म्हणून दिलेला एकेक रुपया रुग्णापर्यंत पोचावा असं वाटण्यात काहीच वावगं नाही. पण तो पोचतो कसा, हे बघायला गेलं की मधली एक जागा रिकामी दिसते. भारताच्या क्षयरोग आणि पोलिओ कार्यक्रमांनी ती जागा भरून पाहिली. काय झालं, ते या प्रकरणात पाहू.

१. औषध होतं, तरी टीबी हटला का नाही?

एके काळी टीबी झाला म्हणजे सॅनेटोरियम आलं. मिरजेजवळची वानलेसवाडी, पाचगणीची कोरडी हवा, महिनोन्‌महिने अंथरुणाला खिळून राहणं हे सगळं मराठी घरांनी पाहिलं आहे. १९५६ मध्ये मद्रासला एक अभ्यास सुरू झाला. काही रुग्णांना सॅनेटोरियममध्ये ठेवून औषधं दिली, काहींना त्यांच्या दाटीवाटीच्या घरांत राहू देऊन तीच औषधं दिली. १९५९ मध्ये निष्कर्ष जाहीर झाले: घरी राहिलेले रुग्णही जवळपास तितकेच बरे झाले होते, आणि त्यांच्या घरच्यांना जास्त लागण झाली नव्हती. जगभरच्या टीबी उपचारांची दिशा या अभ्यासाने बदलली.

त्याच वर्षी बंगळुरूला राष्ट्रीय क्षयरोग संस्था सुरू झाली, १९६२ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रमही आला. म्हणजे औषध होतं, ते घरी देता येतं हे माहीत होतं, कार्यक्रमही होता. तरीही तीस वर्षांनी, १९९२ मध्ये कार्यक्रमाची तपासणी झाली तेव्हा चित्र विदारक होतं. उपचार सुरू केलेल्यांपैकी निम्मे रुग्णही ते पूर्ण करत नव्हते. निदान बेडका तपासण्याऐवजी एक्स-रे पाहूनच उरकलं जाई. औषधांचा पुरवठा मध्येच तुटे. आणि सगळ्यात गंभीर गोष्ट म्हणजे, उपचार सोडून गेलेल्या माणसाचं पुढे काय झालं हे कुणालाच सांगता येत नव्हतं.

गावच्या नळयोजनेची कल्पना करा. विहिरीला पाणी आहे, टाकी बांधलेली आहे, गल्लोगल्ली पाइप टाकलेले आहेत. पण व्हॉल्व कधी सोडायचा, वरच्या आळीला पाणी का चढत नाही, गळती नेमकी कुठे आहे हे फिरून बघणारा माणूस नाही. अशा योजनेत आणखी एक टाकी बांधली तर पाणी वाढत नाही, गळती वाढते. टीबीच्या कार्यक्रमाचं तीस वर्षं असंच चाललं होतं.

२. डबा आणि नोंदवही

१९९३ पासून सुधारित कार्यक्रमाचे प्रयोग सुरू झाले. १९९७ मध्ये जागतिक बँकेच्या सुमारे १४ कोटी डॉलरच्या कर्जाच्या बळावर तो देशभर पसरवायचं ठरलं. ही पद्धत ‘डॉट्स’ या नावाने ओळखली जाते. तिचं मर्म एवढंच: निदान सूक्ष्मदर्शकाखाली बेडका पाहून करायचं, औषध कुणाच्या तरी देखत घ्यायचं, पुरवठा खंडित होऊ द्यायचा नाही, आणि प्रत्येक रुग्णाचा शेवट नोंदवायचा.

यातली एक वस्तू जवळून पाहण्यासारखी आहे. नव्या रुग्णाचं निदान झालं की त्याच्या नावाने पुठ्ठ्याचा एक लाल डबा वेगळा काढला जाई. त्यात पहिल्या टप्प्याच्या २४ मात्रांची पाकिटं असत, म्हणजे आठवड्याला तीन याप्रमाणे दोन महिन्यांची. त्याखाली पुढच्या टप्प्याच्या १८ आठवड्यांच्या पट्ट्या. त्या प्रत्येक पट्टीतली पहिली मात्रा आरोग्यसेविकेसमोर घ्यायची, उरलेल्या घरी, आणि पुढच्या आठवड्यात रिकामी पट्टी परत आणून दाखवायची. आख्खा उपचार पहिल्याच दिवशी त्या डब्यात असे, त्यामुळे ‘औषध संपलंय, पुढच्या महिन्यात या’ हे वाक्य रुग्णाला ऐकावं लागत नसे. (पुढे आठवड्यातून तीनदा औषध देण्याची पद्धत बदलून रोज औषध देणं सुरू झालं, पण ही गोष्ट त्या काळातली आहे.)

आता थोडं गणित करू. नियम असा होता की साधारण १ लाख लोकसंख्येमागे एक बेडका-तपासणी केंद्र आणि ५ लाखांमागे एक टीबी युनिट; आदिवासी आणि डोंगराळ भागांत याच्या निम्म्या लोकसंख्येला. २०११ च्या जनगणनेनुसार सातारा जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ३० लाख. या हिशोबाने तिथे किमान ३० तपासणी केंद्रं आणि ६ युनिटं लागतात. प्रत्येक केंद्रात प्रशिक्षित तंत्रज्ञ हवा, चांगला सूक्ष्मदर्शक हवा, ताजे रंगद्रव हवेत, प्रत्येक युनिटला मोटारसायकलवर फिरणारे पर्यवेक्षक हवेत. साडेपाचशेहून अधिक जिल्ह्यांत हे सारं उभं करायचं आणि ते खरोखर चालतं का हे बघायचं होतं. दिल्लीतल्या मूठभर अधिकाऱ्यांच्या हातून ते होणं शक्यच नव्हतं.

३. सल्लागार नेमकं करतो काय?

त्या वेळी कार्यक्रमाचे राष्ट्रीय प्रमुख होते डॉ. जी. आर. खत्री. न्यूयॉर्क शहरातली टीबीची साथ आटोक्यात आणणारे डॉ. थॉमस फ्रीडन १९९६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेतर्फे भारतात आले होते. दोघांनी मिळून वाट निवडली ती परदेशी तज्ज्ञांची फौज बोलावण्याची नव्हे. भारतीय डॉक्टरांना जागतिक आरोग्य संघटनेमार्फत नेमायचं, अमेरिका, ब्रिटन, कॅनडा अशा देशांच्या मदतनिधीतून त्यांना पगार द्यायचा, आणि एकेका डॉक्टरकडे काही जिल्हे सोपवायचे असं ठरलं. पुढे अशा सल्लागारांची संख्या शंभराच्या आसपास गेली.

सल्लागार म्हटलं की वातानुकूलित खोलीत अहवाल लिहिणारा माणूस डोळ्यांसमोर येतो. हे सल्लागार महिन्यातले बरेचसे दिवस रस्त्यावर असत. प्राथमिक आरोग्य केंद्रात गेल्यावर साहेबांच्या खोलीत चहाला न बसता ते आधी प्रयोगशाळेची नोंदवही उघडत. तिच्यातून काय कळतं ते एका उदाहरणाने पाहू.

समजा, अ केंद्रात तीन महिन्यांत खोकल्याचे ४०० रुग्ण तपासले आणि ४० जणांच्या बेडक्यात जंतू सापडले. म्हणजे दहा टक्के. भारतात त्या काळी साधारण एवढंच प्रमाण अपेक्षित होतं. ब केंद्रातही ४०० तपासले, पण जंतू सापडले फक्त आठ जणांत. वरवर पाहता ब केंद्राच्या गावांत टीबी कमी आहे. अनुभवी माणूस मात्र लगेच काचपट्ट्यांची पेटी मागतो. रंग नीट चढला आहे का? निळ्या पार्श्वभूमीवर लाल काड्यांसारखे दिसणारे जंतू तंत्रज्ञाला ओळखता येतात का? की लोक बेडक्याऐवजी नुसती लाळच डबीत देत आहेत, कारण खोल खोकून नमुना कसा द्यायचा हे त्यांना कुणी समजावलंच नाही? की डॉक्टर दोन दिवसांचा खोकला असलेल्यांनाही तपासणीला पाठवून आकडा फुगवत आहेत? प्रत्येक कारणावर उपाय वेगळा. आकडा सगळ्यांनाच दिसतो, पण त्याच्यामागचं कारण तिथे जाऊन, त्या माणसांच्या भाषेत बोलल्याशिवाय सापडत नाही.

दुसरी नोंदवही उपचारांची. एका तिमाहीत नोंदलेल्या सगळ्या रुग्णांची एक तुकडी धरायची आणि वर्षभराने त्यातल्या प्रत्येकाचं काय झालं ते लिहायचं: बरा झाला, मरण पावला, उपचार सोडला, दुसरीकडे गेला. १०० जणांची तुकडी असेल तर बेरीज १०० च आली पाहिजे. त्यात कुणी गायब होऊ शकत नाही, ही या पद्धतीची ताकद. नोंदवहीत ‘बरा’ लिहिलेल्या काहींच्या घरी सल्लागार स्वतः जात. कार्ड, डबा आणि माणूस यांचा मेळ बसतो का, हे दारात उभं राहूनच कळतं. दारू सुटत नाही म्हणून औषध सुटलं, सासरी कळेल म्हणून सून दवाखान्यात येत नाही, केंद्र उघडतं तीच मजुरीला जायची वेळ आहे, ही कारणं कुठल्याच रकान्यात मावत नाहीत.

परिणाम दिसला. २००१ च्या सप्टेंबरपर्यंत सुमारे ३४ लाख संशयित रुग्णांची तपासणी आणि जवळपास ८ लाखांवर उपचार झाले होते, आणि उपचार यशस्वी होण्याचं प्रमाण ८० टक्क्यांच्या वर होतं. आधी निम्मेही उपचार पूर्ण करत नव्हते, हे आठवलं की या आकड्याचं मोल कळतं. २००६ पर्यंत हा कार्यक्रम सगळ्या देशात पोचला. सल्लागारांमुळे नेमका काय फरक पडला, हे फ्रीडन आणि खत्री यांनी २००३ मध्ये एका शोधनिबंधात तपासलं. कार्यक्रमाच्या यशस्वी विस्ताराचं बरंचसं श्रेय त्यांनी या भारतीय सल्लागारांना दिलं.

टीबी आजही देशात आहे, औषधांना न जुमानणारा टीबी तर मुंबईसारख्या शहरात मोठीच डोकेदुखी आहे. पण १९९२ ची अवस्था आणि दहा वर्षांनंतरची अवस्था यांच्यात जो फरक पडला, त्यात नव्या औषधाचा वाटा नव्हता. औषधं जुनीच होती.

४. शून्य रुग्ण ही वाईट बातमी कधी असते?

पोलिओची गोष्ट याहून थरारक आहे. १९९७ मध्ये भारत सरकार आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी मिळून राष्ट्रीय पोलिओ सर्वेक्षण प्रकल्प उभा केला. त्याचा कणा म्हणजे सर्व्हेलन्स मेडिकल ऑफिसर, सगळीकडे ‘एसएमओ’ या नावानेच ओळखले जाणारे भारतीय डॉक्टर. सुरुवातीला काही डझन असलेले हे डॉक्टर पुढे तीनशेच्या वर गेले. एक गाडी, एक छोटं कार्यालय आणि वाट्याला आलेले एक-दोन जिल्हे.

त्यांचं काम समजायला एक कल्पना आधी समजून घ्यायला हवी. पोलिओ झालेल्या बहुतेक मुलांना लुळेपणा येतच नाही, त्यामुळे विषाणू गुपचूप फिरत राहतो. उलट लुळेपणा आलेलं प्रत्येक मूल पोलिओचंच असतं असंही नाही. गिया-बारे सिंड्रोम (जीबीएस) यासारखी इतर कारणं असतात. २०२५ च्या सुरुवातीला पुण्यात सिंहगड रस्त्याच्या परिसरात जीबीएसचे रुग्ण वाढले, तेव्हा हे नाव घरोघरी पोचलं. म्हणून नियम असा केला की पंधरा वर्षांखालच्या मुलाला अचानक आलेला कुठलाही लुळेपणा कळवायचा, कारण नंतर शोधायचं.

पोलिओ नसलेल्या ठिकाणीही दरवर्षी एक लाख मुलांमागे निदान एका मुलाला असा लुळेपणा येतोच. एका जिल्ह्यात पंधरा वर्षांखालची ९ लाख मुलं असतील, तर वर्षाकाठी किमान ९ मुलांची नोंद व्हायला हवी. एकही नोंद नसेल तर जिल्ह्याचं अभिनंदन करायचं नाही. याचा अर्थ तिथे कुणी बघतच नाही. ज्या जिल्ह्याचा अहवाल सर्वांत शांत, तिथे एसएमओ सर्वांत आधी धाव घेई.

मग सुरू होई वेळेशी शर्यत. लुळेपणा आल्यापासून चौदा दिवसांच्या आत, चोवीस तासांच्या अंतराने, मुलाच्या शौचाचे दोन नमुने घ्यायचे. बर्फाच्या पेटीत ठेवून ते प्रयोगशाळेत पोचवायचे. वाटेत बर्फ वितळला तर विषाणू मरतो आणि नमुना खोटं बोलतो. देशातल्या या प्रयोगशाळांच्या जाळ्यात परळचं एंटेरोव्हायरस रिसर्च सेंटर अग्रस्थानी होतं. साठाव्या दिवशी पुन्हा मुलाच्या घरी जाऊन पाय तपासायचा. हे सगळं करताना गावातला वैदू, भगत, खासगी डॉक्टर, बालरोगतज्ज्ञ या प्रत्येकाशी ओळख ठेवावी लागे, कारण लुळं पडलेलं मूल आधी त्यांच्याकडेच नेलं जातं.

२००२ मध्ये देशात पोलिओचे १,६०० रुग्ण सापडले. बहुतेक उत्तर प्रदेशातले. टीकेची झोड उठली. पण कोणत्या गल्लीतली, कोणत्या वस्तीतली मुलं वारंवार सुटत आहेत हे सांगणारी माहिती याच जाळ्यातून आली. लस पाजणारी पथकं गेली तेव्हा कोणती घरं बंद होती, कोणी नकार दिला, कोणत्या वीटभट्टीवर नवी कुटुंबं उतरली, याच्या याद्या झाल्या. महाराष्ट्रात ऊसतोड मजुरांच्या पालांकडे आणि बांधकामांवरच्या झोपड्यांकडे पथकांना मुद्दाम वळावं लागे, कारण ही मुलं ना गावच्या यादीत, ना साखर कारखान्याच्या. बिहारमध्ये कोसी नदीच्या पूरक्षेत्रात होडीने जावं लागे.

२००९ मध्ये ७४१ रुग्ण. २०१० मध्ये ४२. २०११ मध्ये एक: पश्चिम बंगालच्या हावडा जिल्ह्यातली एक लहान मुलगी, १३ जानेवारीची नोंद. त्यानंतर एकही नाही. २७ मार्च २०१४ रोजी भारतासह जागतिक आरोग्य संघटनेचा आग्नेय आशिया विभाग पोलिओमुक्त जाहीर झाला.

यात लाखो लस पाजणाऱ्यांचे, आरोग्यसेविकांचे, वस्तीतल्या बायकांचे पाय झिजले आहेत, आणि खर्चाचा फार मोठा भाग भारत सरकारने उचलला आहे. एसएमओंनी एकट्याने पोलिओ घालवला असं म्हणणं अन्यायाचं होईल. पण त्या सगळ्या पायांनी कुठल्या दिशेला जायचं, हे सांगणारे डोळे त्यांचे होते.

५. पगार बाहेरून, काम सरकारचं: हे जमतं कसं?

इथे एक अवघड गाठ आहे. बाहेरच्या पैशावर नेमलेला डॉक्टर सरकारी यंत्रणेत वावरतो तेव्हा त्याच्या हातात कुठलाही अधिकार नसतो. तो कुणाची बदली करू शकत नाही, बिलावर सही करू शकत नाही. त्याच्याकडे असते ती माहिती आणि गाडी. हीच त्याची दुबळी बाजू आणि हीच ताकद. जिल्हा क्षयरोग अधिकारी कामाच्या ओझ्याखाली असतो, साथ, कुटुंबनियोजन, निवडणूक ड्यूटी सगळं त्याच्याच डोक्यावर. त्याला ओरडणारा आणखी एक साहेब नको असतो. नोंदवही मांडून बसणारा सहकारी मिळाला तर तो हवाच असतो. वाईट आकडा वर कळवल्याने या सल्लागाराची बढती अडत नाही, त्यामुळे तो खरा आकडा सांगू शकतो.

धोकेही खरे आहेत. शेजारच्या टेबलावरच्या सरकारी डॉक्टरपेक्षा सल्लागाराला जास्त पगार मिळाला की धुसफूस सुरू होते. चांगले सरकारी डॉक्टर नोकरी सोडून या कंत्राटाकडे वळू लागले तर मूळ यंत्रणाच पोकळ होते. कंत्राट वर्षाचं, फार तर दोन वर्षांचं; घर चालवणारा माणूस तेवढ्या भरवशावर किती दिवस टिकणार? आणि सगळ्यात वाईट म्हणजे जिल्ह्याने स्वतःचं काम त्याच्या गळ्यात टाकून मोकळं होणं. सल्लागार गेला की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. म्हणून त्याचं काम मोजताना त्याने किती भेटी दिल्या यापेक्षा, तो नसताना जिल्ह्याची नोंदवही बरोबर भरली जाते का, हे पाहायला हवं.

६. एका रोगासाठी शिकवलेली माणसं दुसऱ्याला कामी येतात का?

२० जुलै २०१४. नायजेरियातल्या लागोस शहरात विमानाने उतरलेला एक प्रवासी आजारी होता. त्याला इबोला होता. लागोस म्हणजे आफ्रिकेतल्या सर्वांत मोठ्या शहरांपैकी एक, दाटीवाटी मुंबईसारखी. तिथे साथ पसरली असती तर काय झालं असतं याच्या कल्पनेनेच जगाला घाम फुटला.

नायजेरियात तेव्हा पोलिओविरुद्ध लढण्यासाठी आपत्कालीन कार्यकेंद्रं उभी होती, आणि क्षेत्रीय साथरोगशास्त्र शिकलेले स्वतःचे डॉक्टर होते. पोलिओच्या कामातले डॉ. फैसल शुएब यांच्याकडे इबोलाच्या कार्यकेंद्राची सूत्रं देण्यात आली आणि पोलिओच्या कामावरचे डॉक्टर तिकडे वळवले गेले. रुग्णांच्या सान्निध्यात आलेले ८९४ लोक शोधून काढले. त्यांच्या घरी जाऊन सुमारे १८,५०० वेळा प्रत्यक्ष विचारपूस केली: ताप आहे का, उलटी होते का? अखेर एकूण २० रुग्ण आणि ८ मृत्यू यांवर साथ थांबली. त्या पहिल्या रुग्णाला दवाखान्यातून जाऊ न देणाऱ्या डॉ. अमेयो अडाडेव्हो याही त्या मृतांत होत्या. २० ऑक्टोबरला नायजेरिया इबोलामुक्त जाहीर झाला.

माणसं त्याच महिन्यात नेमून हे होत नाही. घरोघर जाऊन संपर्क शोधण्याची सवय त्यांना पोलिओने वर्षानुवर्षं लावली होती. भारतातही पोलिओचं तेच जाळं पुढे गोवर-रुबेला लसीकरणाला आणि २०२० मध्ये कोविडच्या कामाला जुंपलं गेलं.

७. किती माणसं लागतील, आणि पगार कोण देणार?

देशांची साथरोगांसाठीची तयारी तपासताना एक ढोबळ माप वापरलं जातं: दर २ लाख लोकसंख्येमागे किमान एक प्रशिक्षित क्षेत्रीय साथरोगतज्ज्ञ. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या ११ कोटी २४ लाख होती. भागाकार केला तर ५६२ येतात. एकट्या सातारा जिल्ह्याला १५. ही जुनी लोकसंख्या. आजची धरली तर आकडा आणखी वाढेल. यात केवळ एमबीबीएस पदवी पुरत नाही. साथीचा माग कसा काढायचा, नमुना कुठला घ्यायचा, आकड्यांवरून काय म्हणता येतं आणि काय नाही, हे दोनेक वर्षं प्रत्यक्ष काम करत शिकावं लागतं. चेन्नईच्या राष्ट्रीय साथरोग संस्थेने २००१ मध्ये असा अभ्यासक्रम सुरू केला, दिल्लीच्या राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्रात २०१२ पासून दुसरा चालतो.

शिकवणं तुलनेने सोपं. शिकलेल्याला टिकवणं कठीण. २०२५ च्या जानेवारीत अमेरिकेने परदेशी मदत अचानक गोठवली आणि १ जुलैला ती मदत देणारी यूएसएड ही संस्था बंद झाली. आफ्रिका आणि आशियातल्या कित्येक देशांत त्याच देशाचे डॉक्टर, तंत्रज्ञ, माहिती सांभाळणारे कर्मचारी एका आठवड्यात घरी बसले. गोदामात औषध शिल्लक असूनही वाटणारा नव्हता, अशी वेळ काही ठिकाणी आली. दुसऱ्याच्या पैशावर उभा केलेला माणूस दुसऱ्याच्याच निर्णयाने जातो, आणि त्याच्याबरोबर कुठल्या वस्तीत कोण औषध सोडतं याची आठवणही जाते. मदतीचा करार होतो त्याच दिवशी ही पदं सरकारी आस्थापनेवर कोणत्या वर्षी घेणार, त्यांची पगारश्रेणी काय, बढती कुठवर, हे लिहून घेतलं पाहिजे. भारताने पोलिओच्या जाळ्याबाबत सरकारचा निधी टप्प्याटप्प्याने वाढवण्याचा आराखडा केला तो याच कारणाने.

हे जमल्याचं सर्वांत जुनं उदाहरण थायलंडचं आहे. उत्तर अमेरिकेबाहेरचा पहिला क्षेत्रीय साथरोग प्रशिक्षण कार्यक्रम तिथे १९८० मध्ये सुरू झाला. सुरुवातीला अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राचा आणि जागतिक आरोग्य संघटनेचा आधार होता. थायलंडच्या आरोग्य मंत्रालयाने तो आपल्याच विभागात चालवला, तिथून शिकून बाहेर पडलेल्या डॉक्टरांना सरकारी सेवेत जागा दिल्या, आणि त्यांच्यातलेच पुढे शिक्षक झाले. काही वर्षांनी शेजारच्या देशांचे डॉक्टर प्रशिक्षणासाठी बँकॉकला येऊ लागले.